जुना जड डिझेल ट्रक: ओळख कशी पटवायची, निगा कशी राखायची

चेसिसक्रमांक

नमस्कार मंडळी. जुना जड ट्रक नुकताच हाती आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "याला फिल्टर कुठलं बसेल?" सोबत समोरच्या जाळीचा फोटो. जाळीवरचं नाव पाहून याचं उत्तर देता येत नाही, म्हणून हा सविस्तर धागा.

मोटारगाडीचं इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल बहुधा एकाच घराण्याचं असतं. जड ट्रकचं तसं नसतं. अमेरिकी पद्धतीत तर एकाच केबिनखाली गिऱ्हाइकाच्या पसंतीने कमिन्स, कॅटरपिलर किंवा डेट्रॉइट इंजिन बसायचं, त्यामागे फुलरचा गिअरबॉक्स, आणि अ‍ॅक्सल तिसऱ्याच कंपनीचा. युरोपातल्या बऱ्याच कंपन्या इंजिन स्वतःचं बनवत, पण डिझेल पंप बॉशचा आणि गिअरबॉक्स झेडएफचा असणं नेहमीचंच. त्यावर तीस-चाळीस वर्षं कामात गेली, कधी इंजिन बदललं, कधी मागचा अ‍ॅक्सल दुसऱ्या ट्रकचा आला. म्हणून ओळख एका ट्रकची पटवायची नसते. इंजिन, पंप, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल आणि ब्रेक यांची वेगवेगळी पटवायची असते. हे झाल्याशिवाय एकही सुटा भाग मागवू नका, असं माझं ठाम मत आहे.

दारावरचा आकडा कंपनीगणिक वेगळं सांगतो. मर्सिडीझच्या एल १११३ मध्ये ११ म्हणजे टनांतलं एकूण वजन आणि १३ म्हणजे सुमारे १३० अश्वशक्ती. टाटाच्या १२१० चा हिशेबही तसाच. व्होल्वोच्या एफ १० आणि एफ १२ मधला आकडा इंजिनाच्या लिटरांचा. स्कॅनियाच्या ११२, १४२ मध्ये पहिले दोन आकडे लिटर आणि शेवटचा मालिकेचा, म्हणून पुढे ११३ आणि १४३ आले. लेलँडचं ६८० इंजिन म्हणजे सुमारे ६८० घनइंच, साधारण ११ लिटर. डेट्रॉइटचं ६-७१ म्हणजे सहा सिलिंडर आणि प्रत्येकी ७१ घनइंच. ८व्ही-९२ म्हणजे व्ही आकारात आठ, प्रत्येकी ९२. टाटाच्या ६९७ मध्ये ६ सिलिंडर आणि ९७ मिमी बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. एका कंपनीची रीत दुसरीला लावली की सगळंच चुकतं.

चेसिस नंबरबद्दल एवढंच. सतरा अक्षरांचा व्हीआयएन (वाहनाचा ओळख क्रमांक) १९८१ पासून रूढ झाला. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतात. उत्तर अमेरिकी गाड्यांत दहावं अक्षर मॉडेल वर्षाचं असतं: बी म्हणजे १९८१, आणि तीस वर्षांनी तेच चक्र पुन्हा येतं. युरोपीय ट्रकमध्ये दहाव्या अक्षरावरून वर्ष मिळेलच असं नाही. १९८१ च्या आधी प्रत्येक कंपनीची स्वतःची रीत होती. आणि कुठलाही चेसिस नंबर फक्त कारखान्यातून काय बाहेर पडलं ते सांगतो, आज बॉनेटखाली काय बसलंय ते नाही.

नवखा_डिझेल

धन्यवाद, बरंच कळलं. पण माझ्या इंजिनावर पाटीच नाही. चार रिव्हेट आहेत, मधली जागा रिकामी. रंगही दोन-तीन थरांचा. सुरुवात कुठून करू?

चेसिसक्रमांक

@नवखा_डिझेल, पाटी नसली तरी इंजिन बरंच बोलतं. आधी दोन गोष्टी बघा.

पहिली: पंपापासून हेडपर्यंत स्टीलचे बारीक पाइप जातात का? सहा सिलिंडरला सहा पाइप असतील तर पंप स्वतः जास्त दाब तयार करतो. बहुतेक वेळा तो बॉश धर्तीचा इनलाइन पंप निघतो. असे पाइप मुळीच नसतील तर दाब हेडमधल्या इंजेक्टरमध्येच तयार होतो: कमिन्सची पीटी पद्धत, डेट्रॉइटचे युनिट इंजेक्टर किंवा नंतरची इलेक्ट्रॉनिक इंजिनं.

दुसरी: हेड किती? सहा सिलिंडर एका रांगेत आणि दोन-दोन सिलिंडरवर एक अशी तीन हेड असतील तर कमिन्सच्या ८५५ घनइंची, म्हणजे १४ लिटरच्या, एन मालिकेकडे बोट जातं. तीन-तीन सिलिंडरची दोन हेड असतील तर मॅक बघा. कॅट (कॅटरपिलर) ३४०६ ला एकच लांब हेड. प्रत्येक सिलिंडरला सुटं हेड, पंख्यासारख्या पात्या आणि रेडिएटरच नाही, तर हवेवर थंड होणारं डॉइट्झ.

मग घासायला लागा. तारेच्या ब्रशने ब्लॉकवरची सपाट मशीन केलेली जागा साफ करा. इंजिन क्रमांक बऱ्याचदा ब्लॉकवरही ठोकलेला असतो. मात्र ओतीव उठावाचा क्रमांक आणि ठोकलेला क्रमांक यांत गल्लत नको. उठावाचा क्रमांक फक्त ओतकामाचा. त्याच ओतकामातून वेगवेगळ्या मशीनिंगचे ब्लॉक निघतात, त्यामुळे त्यावरून भाग मागवले तर बसतीलच असं नाही.

कमिन्स निघालं आणि टायमिंग गिअरच्या कव्हरवर पाटी सापडली, तर इंजिन क्रमांकासोबत सीपीएल हा आकडा टिपून घ्या. कारखान्याने पिस्टन, कॅम, इंजेक्टर असा कुठला जोड बसवला हे त्यावरून कळतं. कॅटमध्ये क्रमांकाची पहिली तीन अक्षरंच घराणं सांगतात: ७एफबी असेल तर ३४०६बी, ५ईके असेल तर इलेक्ट्रॉनिक ३४०६ई.

नोझल

पंपाच्या पाटीबद्दल मी भर घालतो, कारण तिथे चूक झाली तर महागात पडते. समजा पाटीवर पीईएस ६ ए ९० डी ... आरएस असं आहे. पी म्हणजे पंप, ई म्हणजे त्याचा स्वतःचा कॅमशाफ्ट, एस म्हणजे पुढच्या फ्लँजवर बसणारा. ६ म्हणजे सहा सिलिंडर, ए हा पंपाचा आकार, ९० म्हणजे प्लंजरचा (डिझेल दाबणाऱ्या दट्ट्याचा) व्यास ९ मिमी. पुढे आर किंवा एल येतो तो फिरण्याच्या दिशेचा. बाहेरून सारखे दिसणारे दोन पंप ९० आणि ९५ चे असू शकतात. ९५ चा बसवला की धूर काळा, एक्झॉस्ट तापलेला आणि मालक खूश, कारण ओढ वाढलेली असते. ती खुशी पिस्टन वितळेपर्यंतच टिकते. इंधन वाढवायचंच असेल तर आधी एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा पायरोमीटर बसवा.

अजून एक. काही जुन्या इनलाइन पंपांना इंजिनाचं ऑइल मिळत नाही, त्यांचं स्वतःचं वेगळं ऑइल असतं आणि पंपावरच प्लग असतो. इंजिन ऑइल नेमाने बदलणारी माणसंसुद्धा हा प्लग वर्षानुवर्षं उघडत नाहीत. त्यात डिझेल झिरपून ऑइल पातळ झालेलं असतं.

रात्रपाळी

गिअरबॉक्सचंही तसंच वाचता येतं. फुलरच्या आरटीओ-१४६१३ मध्ये आर म्हणजे रोडरेंजर, टी म्हणजे दोन काउंटरशाफ्ट, ओ म्हणजे ओव्हरड्राइव्ह, १४ म्हणजे सुमारे १४०० पाउंड-फूट टॉर्क पेलण्याची क्षमता, ६ हा रचनेचा आकडा आणि १३ म्हणजे पुढचे गिअर. मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर पाटीवर नसेल तर दोन्ही बाजूंची चाकं नीट स्टँडवर उचलून एकदम एक फेरा फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजा. हबमध्ये रिडक्शन (वेग कमी करणारे जादा गिअर) असेल तर मिळालेला आकडा एकूण गुणोत्तराचा, फक्त क्राउन-पिनियनचा नाही.

हवाब्रेक

धागा छान चाललाय, पण इंजिनाच्या नादात माणसं ब्रेक विसरतात. जुना ट्रक सुरू झाला की सगळ्यांना तो हलवून बघायचा असतो. माझी कळकळीची विनंती: आधी थांबेल याची खात्री करा, मग चालवा.

हवेच्या ब्रेक चेंबरवरचा आकडा म्हणजे डायफ्रामचं परिणामकारक क्षेत्रफळ, चौरस इंचांत. टाइप ३० ला चौरस इंचाला १०० पाउंड दाब दिला की ३००० पाउंड जोर. पण हा जोर पुशरॉड (चेंबरमधून बाहेर येऊन ब्रेक लावणारा दांडा) ठरावीक अंतरात असेपर्यंतच मिळतो. साध्या टाइप ३० चेंबरला मर्यादा २ इंचांची. टाकीत ९० ते १०० पाउंड हवा ठेवा, चाकांना ओट (गाडी सरकू नये म्हणून अडसर) लावा, पार्किंग ब्रेक सोडा, दुसऱ्या माणसाला पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि पुशरॉड किती बाहेर आला ते प्रत्येक चाकाला मोजा. थंड ड्रमवर बेताचं भरणारं अंतर घाटात ड्रम तापून फुगला की वाढतं. वर ठीक लागणारा ब्रेक उतारावर संपतो तो असा, आणि केबिनमध्ये बसून हे कळत नाही, कारण हलक्या ब्रेकला पेडल तसंच लागतं.

ब्रेकचं अंतर जुळवणारा, हाताने फिरवायचा स्लॅक अ‍ॅडजस्टर असेल तर लायनिंग ड्रमला टेकेपर्यंत आवळा, मग पाव ते अर्धा फेरा मागे. ऑटोमॅटिक असेल आणि अंतर तरी वाढत असेल तर तो पुन्हापुन्हा हाताने आवळत बसू नका. कॅमचे बुश, क्लेव्हिस पिन किंवा खुद्द अ‍ॅडजस्टर गेलेला असतो.

गळती अशी बघा. टाकी पूर्ण भरू द्या, इंजिन बंद, चाकांना ओट, ब्रेक सोडलेला. एकट्या ट्रकचा दाब मिनिटाला २ पाउंडांपेक्षा जास्त उतरता कामा नये. पेडल दाबून धरल्यावर ३. ट्रेलर जोडलेला असेल तर हेच आकडे ३ आणि ४. मग पेडल मारत हवा कमी करा. ६० पाउंडांच्या आसपास इशारा वाजलाच पाहिजे. पुढे साधारण ४५ ते २० पाउंडांच्या दरम्यान स्प्रिंग ब्रेक (हवा गेली की स्प्रिंगच्या जोराने लागणारा पार्किंग ब्रेक) आपोआप लागला पाहिजे.

आणि तो स्प्रिंग चेंबर उघडायच्या भानगडीत पडू नका. आतली स्प्रिंग दाबून बसवलेली असते, पट्टा सुटला तर समोरच्या माणसाचा जीव जातो. केजिंग बोल्ट (स्प्रिंग दाबून धरणारा बोल्ट) लावून स्प्रिंग आवळल्यावर अख्खं युनिट काढा, नवं बसवा. गंजलेलं जुनं युनिट जाणकाराकडून स्प्रिंग मोकळी करून घेतल्याशिवाय भंगारातही टाकू नका.

जुनं_ते_लोखंड

हवाब्रेक यांच्याशी सहमत, पण एक सांगतो. माझा कल मूळ स्थिती जपण्याकडे आहे. लोक जुन्या ट्रकला नवी नियंत्रणं, नवे व्हॉल्व्ह, नवी वायरिंग घालतात आणि मग त्यात जुनं काय उरलं असा प्रश्न पडतो. कारखान्याने एकच हवेचं सर्किट दिलं असेल तर ते नीट राखलं की पुरतं.

हवाब्रेक

इथे मात्र मी असहमत. एकाच सर्किटमध्ये एक होज फुटली की सगळे ब्रेक एकदम जातात. अमेरिकेत १९७५ पासून लागू झालेल्या एफएमव्हीएसएस १२१ या मानकाने ट्रकच्या हवेच्या ब्रेकचे नियम बदलले, ते याच प्रकारच्या धोक्यांमुळे. रंग, आसनं, डॅशबोर्ड, हॉर्न सगळं मूळचं ठेवा, मला आनंदच आहे. ब्रेकची सर्किटं मात्र दोन करा, जाणकाराकडून करून घ्या आणि तुमच्याकडच्या नियमांत बसवा. जुने व्हॉल्व्ह खोक्यात जपून ठेवले की इतिहासही राहतो.

जुनं_ते_लोखंड

रस्त्यावर भरून चालणाऱ्या ट्रकसाठी तुमचा मुद्दा मान्य. प्रदर्शनात उभ्या राहणाऱ्या ट्रकसाठी मी माझ्या मतावर आहे.

शीतजल

कूलंटचा विषय अजून कोणी काढला नाही. ओल्या लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या सुट्या नळीला बाहेरून थेट पाणी लागणाऱ्या, इंजिनात मला हाच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

पिस्टन वरून खाली येताना एका बाजूने लायनरवर आपटतो. लायनर थरथरतो, बाहेरच्या पाण्यात बारीक वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि लायनरच्या भिंतीवरच फुटतात. प्रत्येक बुडबुडा धातूचा कण उडवतो. काही काळाने लायनरला बाहेरून सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं. इंजिन गरम होत नाही, धूर करत नाही, ओढही देतं, म्हणून कोणाला संशय येत नाही. नायट्राइटसारखी पूरक द्रव्यं लायनरवर पातळ थर धरतात आणि तो थर मार खातो. हा थर सतत झिजतो, त्यामुळे द्रव्याचं प्रमाण पट्टीने तपासून राखावं लागतं. नुसतं साधं पाणी भरून चालवलेलं असं इंजिन विकत घेताना मी लायनर गेलेत असंच धरून चालतो.

जास्त टाकल्याने जास्त संरक्षण मिळतं असंही नाही. प्रमाण ओलांडलं की गाळ बसतो आणि रेडिएटर तुंबतो. पाणी क्षारविरहित वापरा. नव्या जमान्याचं लांब पल्ल्याचं कूलंट जुन्या तांबा-पितळी रेडिएटरच्या शिशाच्या झाळीला चालतं का, हे डब्यावर नीट वाचा. दोन प्रकार एकत्र करू नका.

सगळ्या इंजिनांना लायनर असतो असंही समजू नका. कॅट ३२०८ मध्ये पिस्टन सरळ ब्लॉकच्याच बोअरमध्ये चालतो. ते झिजलं की लायनर बदलून भागत नाही, ब्लॉक बोअर करावा लागतो. घेण्याआधी हे माहीत हवं.

नवखा_डिझेल

घासून बघितलं. पाइप सहा, हेड एक, ठोकलेला क्रमांकही मिळाला, त्यावर काम चालू आहे. आता एक अडचण. रात्रभर उभा राहिला की सकाळी खूप वेळ सेल्फ मारावा लागतो. हँडपंप मारला की लगेच सुरू होतो. दिवसभर मग ठीक. खाली डिझेलचा एक थेंबही दिसत नाही.

नोझल

थेंब दिसणारच नाही. टाकीपासून फीड पंपापर्यंतची बाजू ओढण्याची असते, तिथे फट असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. रात्री डिझेल टाकीकडे परत उतरतं. होज, क्लॅम्प, सेडिमेंटरच्या (डिझेलमधलं पाणी-गाळ वेगळं करणाऱ्या) भांड्याचं रबर, फीड पंपाचा व्हॉल्व्ह आणि खुद्द हँडपंपाचं सील, या क्रमाने बघा. पक्कं करायचं असेल तर नव्या होजने फीड पंपाला वेगळ्या कॅनमधून डिझेल द्या. सकाळी पटकन सुरू झाला तर दोष टाकीकडच्या लाइनमध्ये. तरी तसाच तर पंपाकडे.

आणि नोझल तपासायला पाइपचा नट सैल कराल तेव्हा: स्लो रेसवर एकेक नट सैल करा, ज्याने इंजिनाचा सूर बदलत नाही तो सिलिंडर काम करत नाही. हात आणि डोळे धारेसमोर आणू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं, वरून टाचणी टोचल्याएवढंच दिसतं आणि आत बोट सडू लागतं. असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच तासाला दवाखाना गाठा.

रात्रपाळी

कमी गंधकाच्या डिझेलने जुने पंप खराब होतात, असं सगळीकडे ऐकू येतं. यात कितपत तथ्य?

नोझल

तथ्य आहे, पण दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक वंगणगुण कमी होतो. म्हणून शुद्धीकरणानंतर त्यात वंगणद्रव्य घालतात, आणि युरोपच्या ईएन ५९० मानकात झिजेच्या चाचणीतला व्रण ४६० मायक्रॉनच्या आत असावा लागतो. मानकाप्रमाणे असलेलं डिझेल साध्या इनलाइन पंपाला पुरतं. दुसरी गोष्ट सीलची. जुनी नायट्राइल रबराची सील जुन्या डिझेलमध्ये फुगून बसलेली असतात. डिझेलची घडण बदलली की ती आकसतात आणि पंप गळायला लागतो. ते पंप मरणं नव्हे, सील बदलायची वेळ आलेली असते. बायोडिझेल जास्त असेल तर जुन्या रबरी होजही बघत राहा. रॉकेल मात्र घालू नका, त्याने वंगण आणखी कमी होतं.

दोनठोकी

डेट्रॉइटच्या टू-स्ट्रोकवाल्यांसाठी माझ्याकडून थोडं, कारण बाकीचे नियम इथे उलटतात. एक, ऑइल. मल्टिग्रेड घालू नका, एकाच ग्रेडचं ४० नंबरचं आणि राखेचं प्रमाण एक टक्क्याच्या आतलं बघा. दोन, बरेच दिवस उभ्या इंजिनाचा सेल्फ मारण्याआधी रॉकर कव्हर काढून इंजेक्टरचा रॅक (इंधन कमी-जास्त करणारी पट्टी) हाताने मोकळा सरकतो का ते बघा. रॅक इंधन उघडलेल्या जागी अडकला असेल तर सुरू होताच इंजिन वेगाने पळत सुटतं आणि किल्लीने थांबत नाही. हवा बंद करणारी फ्लॅप आधी चालवून बघा आणि हवेचं तोंड झाकेल अशी जाड फळी घेऊन माणूस उभा करा. हात किंवा चिंधी कधीच नाही. ब्लोअरची (हवा आत ढकलणाऱ्या पंपाची) सील गेली असतील तर इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळू शकतं, तेव्हा डिझेल तोडूनही उपयोग नसतो.

फोर-स्ट्रोकवाल्यांना ऑइलबद्दल इतकंच: सीके-४ दर्जाचं ऑइल जुन्या इंजिनाला चालतं, एफए-४ नाही. डबे एकाच फळीवर असतात, नीट वाचून घ्या.

हवाब्रेक

पुन्हा एकदा सुरक्षेचंच. चाकाची डिस्क (रिम) अनेक तुकड्यांची, म्हणजे लॉक रिंगवाली, असेल तर चाकाचे नट सैल करायच्या आधीच व्हॉल्व्हची पिन काढून टायर पूर्ण रिकामा करा. हवा भरायची ती पिंजऱ्यात, लांब होजने, बाजूला उभं राहून. एका डिस्कची रिंग दुसरीला लावू नका. टायरवरचा तारखेचा कोड तीन आकडी असेल तर तो टायर २००० च्या आधीचा आहे, नक्षी कितीही खोल असो. आणि डाव्या चाकाचा नट हलत नसेल तर जोर वाढवण्याआधी स्टडच्या टोकावर एल आहे का ते बघा. बऱ्याच जुन्या ट्रकना डावीकडे उलटे आटे असतात.

नवखा_डिझेल

सकाळची अडचण सुटली, सेडिमेंटरच्या भांड्याचं रबर चपटं झालं होतं. सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं विचारतो: ट्रक काही महिने उभा राहणार आहे. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं सुरू करून ठेवू का?

चेसिसक्रमांक

नको. दहा मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही. अर्धवट जळालेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं आणि आत पाणी धरतं. एकतर महिन्यातून एकदा नीट तापेपर्यंत रस्त्यावर चालवा, नाहीतर हातच लावू नका. उभा करायच्या आधी ऑइल बदला, कारण जुन्या ऑइलमधलं आम्ल बेअरिंग खातं. डिझेलची टाकी भरून ठेवा म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही. हवेच्या टाक्यांतलं पाणी पूर्ण काढा. बॅटरीची तार सोडा. सपाट जागी दोन्ही बाजूंनी ओट लावून पार्किंग ब्रेक मोकळा ठेवा, नाहीतर लायनिंग ड्रमला चिकटतं. टाकीतली हवा उतरली की स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतो, त्यामुळे तो मोकळा ठेवायला केजिंग बोल्ट लावावे लागतील. बोल्ट लावलेत अशी ठळक चिठ्ठी स्टिअरिंगला बांधा. पुढच्या वेळी चालवणारा माणूस दुसराच असू शकतो.